गुलाबी पाण्याचा माग

रोहा, २० जून १९९४

ती. बाबाजीदादास,
धाकट्या हौसाचा शि. सा. न. वि. वि.

शाळा सुरू झाली आणि सहावीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला, म्हणून पत्राला उशीर. मे महिन्यात जोह्याला येऊन गेले तेव्हापासून एकच घोर लागलाय. तुझ्या गणपतीच्या कारखान्यात ब्रश धुतलेलं पाणी गटारात जातं, आणि पावसात तेच गटार भरून विहिरीच्या खचलेल्या कठड्यावरून आत उतरतं. तेच तुम्ही पिता. दादा, गटाराच्या वाटेवर खड्डा खण, त्यात रंग बसेल. आणि कठडा बांधून घे.

पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते मला वर्गाला दाखवायचंय. त्यासाठी शेरभर गेरू पाठव. गेरूच हं, त्याने कुणाला अपाय नाही. काशीवहिनीला नमस्कार. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी हौसा

जोहे, २७ जून १९९४

चि. हौसास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

गणपती अडीच महिन्यांवर आले, तीनशे मूर्ती कोऱ्या उभ्या आहेत, आणि बाई सांगतात खड्डे खणा! मास्तरीण झालं की सगळं जग सहावीत बसलेलं दिसतं वाटतं. पावसात विहीर गढूळ होते ती काय आजची? आपले आजोबा तेच पाणी पिऊन ऐंशी वर्षं जगले. काशी मात्र तुझ्याच बाजूची. नणंद-भावजयीचं इतकं पटलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

गेरू पाठवत नाही. जोह्याच्या कारखानदाराच्या बहिणीने पोरांपुढे गेरू कालवायचा? लोक काय म्हणतील? मूर्तीच्या अंगाचा खास गुलाबी एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलाय. लोभ वाढव, पण उपदेश आवर.

तुझा दादा

रोहा, ११ जुलै १९९४

ती. दादास सा. न.

तुझ्या गुलाबीने माझी नोकरी पणाला लावली! डबा वर्गासमोरच उघडला, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मला नाही म्हणवेना. तेवढी चूक माझी. शाळेच्या गटारात रंग ओतला आणि छत्र्या घेऊन आम्ही पाण्यामागे पळालो. टपाल कचेरी गेली, पिठाची गिरणी गेली, आणि पाणी शिरलं थेट हैबतरावांच्या विहिरीत. हैबतराव म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. त्याच वेळी ते काठावर अंघोळ करत होते. पांढऱ्या मिशा गुलाबी होऊन ते फाटकात आले आणि म्हणाले की उद्याच तुमची बदली करतो. तेव्हा आमच्या वर्गातल्या ऋतुजाने विचारलं, की बाईंची बदली केली तरी गटार इथेच येणार ना?

रोज शाळेचं सांडपाणी पितोय हे हैबतरावांना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी गवंडी आले, गटार वळलं, खड्डाही झाला. बदलीचं नाव नाही. आता तुझा रंग कुठे जातो ते तू बघ. रागावलास तरी चालेल, पण बघ.

तुझी हौसा

जोहे, २ ऑगस्ट १९९४

चि. हौसास आशीर्वाद.

तुझं पत्र काशीने मोठ्याने वाचलं. मिशांपाशी मी इतका हसलो की हातातल्या मूर्तीची सोंड वाकडी रंगली. काशी हसली नाही. तिने विहिरीच्या खचल्या जागी पांढरं फडकं बांधलं आणि तीन दिवसांच्या पावसानंतर ते ताटात घालून माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, वळखा. गुलाबी माझा, पिवळा पितांबराचा, सोनेरी मुकुटाचा. माझा रंग मी नाही ओळखणार तर कोण?

कारागीर कामात होते, म्हणून खड्डा मीच खणला. कंबर धरलीय, तुला शिव्या देत शेक घेतोय. आठ दिवसांत खड्ड्याच्या तळाशी चार बोटं रंग बसला. हौसा, एवढा मी काशीला पाजत होतो. लाज वाटली गो.

कठडा दिवाळीनंतर बांधीन. तोवर पिण्याचं पाणी वरच्या आळीतल्या जनूच्या विहिरीवरून आणायचं. सकाळी दोन हंडे घेऊन मीच जातो. पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. काशीला मी हंडा उचलू देत नाही.

तुझाच,
बाबाजीदादा