डबा अ, डबा ब

कामोठे,
९ जानेवारी २०२५

ती. आईंस,
क्षिप्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि तुमचा निशांत मध्ये बसून दोघींनाही ‘बरोबर आहे’ म्हणतो, म्हणून आजपासून पत्र. कागद निदान मध्येच तोडत नाही.

तुमची नात पाच महिन्यांची झाली. गाईचं दूध तिला सोसत नाही हे तुम्हाला अजून पटलेलं नाही, आणि तिच्या पोटाला तुमचं मत अजून कळलेलं नाही. टायफॉइडमध्ये माझं दूध आटलं, तेव्हा वरच्या दुधाच्या पहिल्याच बाटलीनंतर ती कशी उलट्या करून पांढरी पडली, शीतून रक्त गेलं, ते परत लिहीत नाही. तुमचं तूप पोचलं. ‘शहरात शुद्ध मिळत नाही म्हणून असं होतं’ ही चिठ्ठीही पोचली. तूप निशांत खातो. त्याचं वजन छान वाढतंय. जाईचं वाढत नाही. तिच्या खास पावडरीला गंजक्या खिळ्यांचा वास येतो, आणि जाई ती माझ्या कुर्त्यावर साभार परत करते.

नेरूळच्या एका हॉस्पिटलात अशा बाळांसाठी तांदळाच्या प्रथिनांपासून केलेलं नवं दूध तपासतायत. एक दिवस डबा अ, पुढच्या आठवड्यात डबा ब. एकात नवं, एकात तिचं नेहमीचं. कुठल्यात काय, ते आम्हाला माहीत नाही आणि पाजणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. डॉक्टरांच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ मी पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून विश्वास बसला. आम्ही सही केली आहे. तुमची परवानगी गृहीत धरली. राग आलाच तर पोस्टाने पाठवावा.

आशीर्वाद असू द्यावेत. तुपाचं तूर्त पुरे.

आपली,
क्षिप्रा


वेळणेश्वर,
१६ जानेवारी

चि. सौ. क्षिप्रास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

राग सोबत पाठवते आहे, तिकीट पुरेसं लावलंय. परवानगी गृहीत धरलीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर सवय नसल्यामुळे मला घेरी आली असती.

तुझं पत्र मी गोठ्यात वाचून दाखवलं. आमची तांबू खजील झाली. या घरची सगळी पोरं गाईच्या दुधावर वाढली, आणि आता नातीला म्हणे चालत नाही. तांबूच्या वतीने मी क्षमा मागते. पण तांदळाचंच पाजायचं तर त्याला हॉस्पिटल कशाला हवं गो? शिमग्याला या, उष्टावण इथेच करू. मी मऊ पेज घालते. आमच्याकडे डबे अ आणि ब नाहीत, एकच पातेलं आहे, आणि त्यात काय शिजतंय ते शिजवणारीला माहीत असतं.

शेजारचा चंद्रशेखर मोबाइलमध्ये वाचून सांगत होता की असले प्रयोग आधी उंदरांवर करतात. कामोठ्यातले उंदीर संपले काय?

बाकी तू तिची आई आहेस. काय होईल ते लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच, ऑफिसातून वेळ मिळाल्यावर नव्हे.

माझा लोभ आहेच, दाखवत नाही इतकंच.

आई


कामोठे,
४ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

जाई बरी आहे. हे आधी वाचा, मग पुढचं.

डबा अ चा दिवस छान गेला, म्हणजे नेहमीसारखी तोंडं करत प्यायली. शेजारच्या खाटेवर दिवाळे कोळीवाड्यातली अमिता होती, तिच्या निकेशला घेऊन. ती म्हणाली, ‘माजा पोर तं डबा पन चाटून खाल.’ त्याला खरंच नवं दूध मानवलं. आता तो घरीही तेच पितो, गाल वर आलेत.

डबा ब जाईने अख्खा संपवला. आयुष्यात पहिल्यांदा, तोंड वाकडं न करता. मी फोटो काढला, खास तुम्हाला जळवायला. दोन तासांनी पहिली उलटी झाली. मग दुसरी, मग मी मोजायचं सोडलं. रंग गेला, मान पडली, हाक मारली तर बघेना. इथे मला काही खोचक सुचत नाही. निशांत डॉक्टरांना आणायला धावला, आणि तेवढा वेळ ती माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी होती. एवढ्याशा हाताची शीर सापडेना. शेवटी सलाइन लागलं. डॉ. गीतांजली संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून होत्या. दिवेलागणीला बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि निशांतचा चष्मा ओढला, तेव्हा रडला तो निशांतच.

कुठल्या डब्यात काय ते लिहिलेलं बंद पाकीट त्यांनी फोडून पाहिलं. ब म्हणजे नवं दूध. तिला तांदूळच सोसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाकीच्या बाळांचं चांगलं चाललंय, पण हा एक नकारही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मला उपयोगी पडायचं नव्हतं, आई. मला एवढंच हवं होतं, तिने एक बाटली पचवावी.

मी त्यांना शिमग्याच्या पेजेचं सांगितलं. त्यांनी विचारलं, गावापासून हॉस्पिटल किती लांब? मी सांगितलं. त्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

आपली,
क्षिप्रा


वेळणेश्वर,
१० फेब्रुवारी

चि. सौ. क्षिप्रास आशीर्वाद. चि. जाईला पापा.

पत्र पोस्टमनसमोरच वाचलं. तो पाणी मागत होता, त्याला तसाच घालवला. उष्टावणाला म्हणून जुना तांदूळ निवडून ठेवला होता, तो रात्री घरात शिजवला. एक घासही मला गेला नाही.

निशांतला सांग, लेक आजीवर गेली. या घरात आल्यावर सगळ्यांना रुचतं ते न रुचणारी मीच पहिली.

चंद्रशेखरने आता मोबाइल उघडला की मी आत जाते.

मी शनिवारी येते. तूप नाही, तांदूळ नाही, एकटी येते. त्या गीतांजलीबाईंना विचार, सहा महिने झालेत, आता नाचणी चालेल का. चालेल म्हणाल्या तरी घरात नको. त्यांच्याच खाटेवर, त्यांच्याच देखत, चमच्याने. आधी सलाइनची तयारी ठेवा म्हणावं, मग चमचा. वर त्यांना शहाणपण शिकवते म्हणून हसल्या तर हसू देत.

आणि त्या दिवशी जाई माझ्या मांडीवर असेल. तू खाली कँटीनमध्ये जाऊन चहा पी, मी बोलावल्याशिवाय वर येऊ नकोस. दोनदा ती तुझ्या हातात निपचित पडली. तिसऱ्यांदा पडलीच, तर माझ्या हातात पडू दे.

भांडण तिथे आल्यावर करू, तोवर लोभ राहू दे.

आई