बशीतल्या पेशी आणि आप्पांचा आवाज

बॉस्टन, ८ मार्च १९९८

आदरणीय आप्पांना जयमालाचा जयभीम.

मी बरी आहे. आईनं लिहिलंय, मी पाठवलेला प्रयोगशाळेतला फोटो पाथर्डीभर दाखवून तुम्ही सांगता, पोरगी माझ्या बसलेल्या गळ्यासाठी नवा आवाज बनवतेय. तसं नाही, आप्पा. आम्ही स्वरयंत्राच्या पेशी बशीत वाढवतो. कडक प्लास्टिकवर त्या पसरून ताठ होतात, मऊ जेलीवर बऱ्याचशा गळ्यातल्यासारख्या राहतात. एवढंच कळलंय. औषध अजून लांब आहे.

तेव्हा डॉक्टरांचं ऐका. कुजबुजूसुद्धा नका, त्यानंही ताण पडतो. यंदा भीमजयंतीला तुमच्या जागी धाकट्या भीमराजला गाऊ द्या. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी बूथवर फोन करीन. आई बोलेल. तुम्ही रिसीव्हरवर बोटांनी ढोलकीचा ठेका धरा. मी ऐकत राहीन.

तुमची,
जयमाला