आधी माझी मंजुरी

३ मार्च २०२६, तंजावूर
वकिलाची नोटीस! मला! का, तर पापनाशमच्या वेंकूबाई फोनवरच्या आमच्या ग्रुपवर बोलून म्हणाल्या, आमच्या नात्यातल्या नित्या हिच्या लग्नातलं सांबार आंबलं होतं. लग्न झालं की जेवणाची चिकित्सा आमच्या मराठी मंडळींत व्हायचीच. पण कुणीतरी त्यांचा तो बोललेला संदेश बाहेर पाठवला, आणि आता केटरर हरिप्रसादांची बदनामी झाली म्हणे. ग्रुप चालवते मी, म्हणून जबाबदार मी.

४ मार्च
तो संदेश ग्रुपवरून काढून टाकला, माफी लिहून पाठवली. नवरा राघवेंद्र बँकेत, पण कालपासून वकील झालाय. सोशल मीडियाचे नवे नियम वाचून दाखवत होता — तक्रार आली की काही तासांत काढायचं, वगैरे. त्यातलं मला किती लागू, ते त्यालाही धड सांगता येईना. मी मात्र घाबरले आहे.

६ मार्च
उपाय केला. आता प्रत्येक संदेश आधी माझ्याकडे. मी मंजूर केला की मग सगळ्यांकडे. देवनागरी आमच्यात येते किती जणांना? सगळे बोलूनच पाठवतात. कॉलेजात शिकवते, तिथेही दोन तासांच्या मधे कानाला फोन. कोण कुणाला काय म्हणालं, याचाच घोर. झोप नाही.

९ मार्च
वेंकूबाई! एकट्या राहतात, फोनवर एकच बटण येतं — ग्रुपवर बोलायचं. आधी घराघराची खुशाली, नावानिशी. मग भाताचं पीक. मुद्दा अगदी शेवटी. आणि मला सगळं ऐकणं भाग, न जाणो पुन्हा सांबार निघालं तर! आज वैतागले. यापुढे त्यांचं संध्याकाळी, बाकीच्यांचं झाल्यावर.

११ मार्च
हरिप्रसादांच्या वकिलाचा फोन. प्रकरण मिटलं. सुटले!
मंजुरी काढून टाकू का? राघवेंद्र म्हणतो, असू दे. असू दिली.

१२ मार्च
वेंकूबाई सकाळी स्वयंपाकघरात पडल्या. ग्रुपवर बोलल्या. तो संदेश संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पडून होता. मी ऐकला — कुणाची खुशाली नाही, काही नाही. "पडलें. कोणी तरी या." त्यांच्या शेजारच्या राजमला फोन केला, ती धावली.

१३ मार्च
इस्पितळात गेले. खुबा मोडलाय. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला.
"कोणी आलं नाहीं, तेव्हां मज वाटलं, ग्रुप बंद झाला — पावम्, बिचारी, माझ्यामुळें तुज परत नोटीस आली."