हिरव्या रंगाचा डबा

तेर, मार्गशीर्ष १९४७, सोमवार

दाराला रंग द्यायचा म्हणून सोलापुरातनं डबा आणला, एवढंच तर केलं! नाक्यावरच्या निजामाच्या शिपायानं झाकण उघडायला लावलं. आत हिरवा रंग बघून हसला, "बहुत अच्छा, मास्तर!" अन् जकात न घेताच सोडलं.

गल्लीत शिरलो तर शेजारचे अण्णा डब्यावरचा हिरवा ओघळ बघून म्हणाले, "मास्तर, तुमीबी निजामाच्या बाजूचे झालात व्हय?"

हिरवा तर हिनंच सांगितला होता. विचारलं तर म्हणते, "माझ्या माहेरचं दार हिरवंच आहे की."

आता काय करू? रंगवलं तर अण्णा तोंड फिरवतील. दुसरा रंग आणायचा तर नाक्यावर तोच शिपाई. डबा कोनाड्यात ठेवलाय, उघडायचा न्हाय म्हणून हिला बजावलं.

आत्ता जेवण वाढताना बघितलं, हिच्या बोटाला हिरवा रंग लागलाय.