पहिल्या रांगेतली खुर्ची

प्रिय लिसिआते दादा,

हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी तिथले कुणी साहेब ते उघडून वाचणार, म्हणून आधी त्यांना नमस्कार. साहेब, यात पळून जायचा बेत वगैरे काही नाही. एका बहिणीची कटकट आहे, तीही लांबलचक, तेव्हा चहा घेऊनच बसा.

दादा, मी दमलेय रे. नुसती झोप झाली नाही असं दमणं नाही हे. सकाळी बसमध्ये बसले की वाटतं, ही बस अशीच कुठेतरी जात राहावी आणि कुणी मला उतरवू नये. शनिवार-रविवार कोंबडीच्या दुकानात उभं राहून अंगाला तळणाचा वास लागतो, तो सोमवारच्या तासापर्यंत जात नाही. आई म्हणते, एवढं शिकून वास तोच. तिचा गुडघा अजून तसाच आहे. तरी वृद्धाश्रमातली नोकरी सोडत नाही, आणि रविवारी चर्चला जाताना आपल्या रिवाजाची मानाची चटई कमरेला गुंडाळायची तर त्याला माझे हात लागतात. पेनी मामा बरा आहे. परवाच विचारत होता की पोरी, एका डिग्रीने माणूस आत घालायचा आणि दुसरीने सोडवायचा, तर तू नक्की कुणाच्या बाजूची? सगळे हसले. मीही हसले, आणि मग मोरीत भांडी घासताना मला रडू आलं. का ते विचारू नकोस.

मामाचं तसं खोटं नाही. कायद्याची इमारत टेकडीवर आहे आणि गुन्हेगारीशास्त्राची खाली, गाड्यांच्या तळाला लागून. मी दिवसभर वर-खाली करते. वर विचारतात, यानं केलं का, आणि ते कोणत्या कलमात बसतं. खाली विचारतात, यानं का केलं. दोन्हीकडचे लोक हुशार आहेत, पण एकमेकांच्या पायऱ्या कधी चढत-उतरत नाहीत. मधल्यामध्ये आमच्यासारख्यांची मात्र फरफट. कायद्याच्या पेपरात मी चोरी करणाऱ्याच्या बालपणावर पानभर लिहून आले, तर सरांनी समासात लिहिलं, 'हे कुणी विचारलं?' गुन्हेगारीशास्त्राच्या निबंधात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'आरोपी, आरोपी' करत राहिले, खाली कलमांच्या तळटीपा लावल्या, तर ब्रिजिडबाईंनी लिहिलं, 'यातला माणूस कुठे गेला?' हे दोन्ही शेरे माझ्या डोक्यात माश्यांसारखे घोंघावत असतात. आणि मंगळवारी तुझं अपील आहे म्हटल्यावर तर ते जास्तच घोंघावायला लागलेत.

मागच्या वेळचं आठवतंय ना? मी काळा सूट घातला होता, केस घट्ट बांधले होते आणि अगदी पहिल्या रांगेत, तुझ्या बरोबर समोर येऊन बसले होते. आमच्या पुस्तकात लिहिलंय की घरचं कुणी कोर्टात हजर असलं तर न्यायाधीशावर चांगला परिणाम होतो. शिवाय मला वाटलं, घाबरलास तर तुला एक ओळखीचा चेहरा दिसेल. आत्याचा फिनाउ मागे दाराशी बसला होता. आई कामावर होती. घरातली कायदा कळणारी मी एकटीच, तेव्हा पुढे कोण बसणार? मीच.

तुझ्या वकीलबाईंनी तुला उभं केलं आणि विचारलं, सामना संपल्यावर क्लबाच्या मैदानाबाहेर तुम्ही त्या माणसाला का मारलंत? तू माझ्याकडे पाहिलंस. मग मान खाली घातलीस आणि गप्प राहिलास. त्यांनी पुन्हा विचारलं. मी आपली मान हलवून तुला धीर देत होते, की बोल, बोल. तू खालीच बघत राहिलास. मग न्यायाधीश म्हणाले की या माणसाकडे सांगण्यासारखं कारण नाही आणि याला पश्चात्तापही दिसत नाही, हा तर नजरसुद्धा वर करत नाही. आणि दीड वर्ष. मी घरी येऊन उशीवर बुक्क्या मारल्या. तुझा इतका राग आला होता की पहिल्या दोन भेटींना मी तुझ्याशी धड बोललेही नाही. तोंडात मूग धरून बसला, असं मी आईला म्हणाले.

भेटीला आलो की आपलं कसं चालतं ते तिथल्या पहारेकऱ्यांनाही पाठ झालं असेल. आई मधल्या खुर्चीत. मी आईला म्हणणार, त्याला विचार जेवण बरं मिळतं का. तू आईला म्हणणार, तिला सांग अभ्यास सोडू नकोस. दोघं हाताच्या अंतरावर, आणि बोलणं सगळं आईवरून. एकदा ब्रिजिडबाईंना मी हे गंमत म्हणून सांगितलं होतं. त्यांना ते कळेचना. म्हटलं, आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांत भावाच्या वर बहिणीचा मान असतो, वयानं ती धाकटी असली तरी. भाऊ तिच्यासमोर वावगा शब्द काढत नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्याबरोबर बसून सिनेमासुद्धा बघत नाही, न जाणो पडद्यावर कुणी कुणाचा मुका घेतला तर! बाई खूप हसल्या, मीही हसले. मी ते आजीच्या काळातलं काहीतरी म्हणून सांगत होते. आपल्याच घरातलं होतं ते, आणि सांगून मी टेकडी चढून वर निघूनही गेले.

मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर लोसे आत्याकडे जेवायला गेलो होतो. आत्याने अळूच्या पानांत मटण बांधून नारळाच्या दुधात शिजवलं होतं, तुझ्या आवडीचं. जेवताना तिने सहज विचारलं, कोर्टात तू बसली कुठे होतीस? मी म्हटलं, पहिल्या रांगेत. आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं. घरात तिचा मान सगळ्यात मोठा, तिने ताट ठेवलं की सगळ्यांचे हात थांबतात. मग मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि म्हणाली, "एवढी शिकलीस ना गं? मग तुझ्यासमोर तो तोंड उघडणार कसा?"

मग तिने मला ते सांगितलं. तो माणूस माझ्याबद्दल काय बोलला ते. फिनाउने ते ऐकलं होतं, तो तुझ्या शेजारीच उभा होता. पण आत्याचा मुलगा झाला तरी तोही माझा भाऊच, तो मला कसा सांगणार? इतके महिने तो ते पोटात घेऊन फिरत होता, शेवटी आपल्या आईला, म्हणजे आत्याला, सांगून मोकळा झाला. म्हणजे कोर्टात हे कारण माहीत असलेले तुम्ही दोघे, आणि दोघांच्या तोंडावर बसलेली मी, काळा सूट घालून, माना हलवत. तुला बोलायला लावणारी मीच आणि तुझं तोंड बंद करणारीही मीच. डोळे वर केले नाहीत म्हणे! माझ्यासमोर तू डोळे कधी वर केले होतेस? ते न्यायाधीशांना कळलं नाही, त्यांचं मी समजू शकते. मला कळायला हवं होतं.

आता एक ऐक, आणि हे नीट ऐक. माझा मान राखला म्हणून मी तुझी आरती ओवाळणार नाहीये. कुणी घाण बोललं म्हणून माझं काही झिजलं नव्हतं, पण त्या माणसाचा जबडा मोडला. मी त्याला त्या दिवशी कोर्टात पाहिलं, बायकोने त्याच्यासाठी नळीतून प्यायचं काहीतरी बाटलीत भरून आणलं होतं. हेही तुझ्या मनात आहे, हे मला माहीत आहे, कारण आई म्हणते, ती एकटी भेटीला आली की तू दर वेळी त्याचीच चौकशी करतोस. तेही तू सांगितलं नाहीस. कारण गिळलंस तेव्हा पश्चात्तापही त्याच्याबरोबर गिळलास. वरच्या इमारतीत विचारतात केलं का, ते तू कबूल केलंस. खालच्या इमारतीत विचारतात का केलं, ते सांगितलं म्हणजे केलेलं धुऊन निघत नाही. पण न सांगितलं तर कोर्टाला दिसतो तो फक्त एक आडदांड, मुका माणूस. तो माझा भाऊ नाही.

तुझ्या वकीलबाईंना मी फोन केला. ते शब्द मी त्यांना सांगितले नाहीत, माझ्या तोंडून ते निघणारही नाहीत. एवढंच म्हटलं की मी नसताना त्याला पुन्हा विचारा. बाई म्हणाल्या, असं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, सांगणारी मीच होते आणि मला त्या दिवशी मोठी वकील व्हायचं होतं. त्या तुला सोमवारी भेटायला येतील. वरच्या कोर्टात पुन्हा बोलायची परवानगी मागणार आहेत, मिळेल असं म्हणतात. नक्की काहीच नसतं, पण मिळेल म्हणतात.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. मंगळवारी मी येणार नाही. पहिल्या रांगेत नाही, मागे दाराशी नाही, इमारतीतसुद्धा नाही. आत्या आणि आईही येणार नाहीत. मामा आणि फिनाउ बसतील, पुरुषांसमोर तुला बोलता येईल. इतकी वर्षं टेकडी चढले-उतरले ते कधीतरी तुझ्यासारख्या कुणाच्या बाजूने उभं राहता यावं म्हणून, आणि तुझा दिवस आला तेव्हा माझ्याकडून होण्यासारखी मदत एकच आहे, की मी तिथे नसावं. हे मला सोपं जाणार नाही. त्या दिवशी मी घरी असेन, टीव्ही लावून, आवाज मोठा करून, फोन मांडीवर घेऊन. लहानपणी तू टीव्ही बघत बसलेला असायचास आणि मी दारात आले की अर्धा सामना टाकून, न सांगता उठून जायचास. मला वाटायचं तुला मी आवडत नाही. किती वर्षं तू माझ्यासाठी खोली सोडलीस दादा. या वेळी मी उठते. तू बस, वर बघ आणि बोल.

तुझीच,
मेलेआने