वाळवंटाची खुरपणी

१७ जुलै, गुरुवार, ग्योतोकु

नुपूरने होकार दिला. चार वर्षांनी लेक भेटणार! मेसेज जपानीत, तीन ओळी. शनिवार-रविवार तोत्तोरीला यायचं. ती गाइड आहे, तेव्हा तिच्या गटातूनच शहर बघायचं, बाकीच्या पर्यटकांसारखं. आणि यातलं काहीही छापायचं नाही.

छापायचं नाही म्हणाली. लिहायचं नाही असं नाही म्हणाली. (माझी वकिली.)

शशिकांत म्हणाला, भेटायला जा, कामाला जाऊ नकोस. नवऱ्याला सगळं कळतं, हा संसाराचा मोठाच दोष. माझ्या सदरातल्या 'भाडेकरू'च्या लेखांचं पुस्तक करायचं प्रकाशक चंद्रहासांच्या मनात आहे. नुपूरची सही तेवढी हवी. करार बॅगेत घातला, कपड्यांच्या तळाशी. स्वतःच्याच घरात चोरासारखी.

१९ जुलै, शनिवार, तोत्तोरी

जपानातलं वाळवंट. खरं म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या, पाऊसही भरपूर. पण सगळं शहर वाळवंटावर जगतं. कॉफी वाळूत भाजलेली, बिस्किटांच्या डब्यावर वाळू, हॉटेलच्या चपलांवरसुद्धा वाळूचं चित्र.

स्टेशनबाहेर नुपूर उभी. केस कापलेत. हातात पिवळा झेंडा, छातीवर नावाचा बिल्ला. यादी बघून मला हाक मारली – "खांबेटेसान." आपलंच आडनाव, आपल्याच आईला, वर अदबीचं सान! मीही वाकून नमस्कार केला. गटात आम्ही पाच.

वाळूच्या शिल्पांचं म्युझियम. राजवाडे, घोडे, माणसं – सगळं नुसत्या वाळूचं. दर वर्षी पाडतात आणि त्याच वाळूतून पुढचं उभं करतात. सदरांचंही असंच करायला हवं होतं.

मग मासळीबाजार. ती शिंपल्यांबद्दल सांगत होती, लोक हसत होते. चांगलं बोलते. विनोद करते, पण कुणाच्या जिवावर नाही. वाळूत पिकणाऱ्या बारीक कांद्यांच्या लोणच्याची एक बरणी घेऊन तिने माझ्या पिशवीत टाकली.

सेंदाईहून आलेल्या एका आजीबाईंनी तिचा बिल्ला वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. नातेवाईक का, म्हणून विचारलं. नुपूर म्हणाली, "आई आहे माझी." जपानीत, परक्या बाईला. मी शिंपले मोजत राहिले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचतंय!

कॉलेज सुटलं आणि नुपूर आठ महिने खोलीबाहेर आली नाही. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. पुण्याच्या साप्ताहिकात माझं सदर होतं, दर रविवारी काहीतरी द्यावंच लागे. मी 'भाडेकरू' लिहायला घेतलं. 'आमच्या भाडेकरूचा दिवस संध्याकाळी पाचला उजाडतो.' वाचकांना हसून हसून पुरेवाट. बावीस लेख झाले. मुलीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा भीती कसली?

मग एदोगावातल्या मराठी मंडळाचा गणपती. चल म्हटलं आणि ती आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, निळा कुर्ता घालून. प्रसादाच्या रांगेत मंडळातल्या सुरेखाने तिचा गाल धरला, "अगंबाई, तूच का ती भाडेकरू!" चार बायका हसल्या. मीही हसले.

सुरेखाला काय बोलणार? हसायला मीच शिकवलं होतं.

नुपूरने ते सगळे बावीस फोनवर भाषांतर करकरून वाचले.  महिन्याभरात दार लावून गेली – या वेळी बाहेरून.

२० जुलै, रविवार

सकाळी सहाला सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. खुरपणी! वाऱ्याबरोबर बी येतं, गवत माजतं, वाळू झाकली जाते. म्हणून गावकरी आणि हौशी पाहुणे उन्हाळाभर गवत उपटतात. आपण वाळवंट होऊ नये म्हणून झाडं लावतो. हे लोक वाळवंट राहावं म्हणून घाम गाळतात. आयता लेख होता. पण सुचलं त्याच क्षणी लाज वाटली.

नुपूर माझ्या शेजारी येऊन बसली.

"मुळापासून ओढ. वरचं तोडलंस तर परत येतं."

मराठीत! मी मान खालीच ठेवली.

थोड्या वेळाने म्हणाली, "करार आणलायस ना? चंद्रहासकाकांनी मला मेल केला होता. पुस्तकासाठी फोटो हवाय म्हणे."

"बॅगेत आहे."

"मग विचार ना."

"नाही विचारणार."

"का?"

मी हातातलं गवत खाली ठेवलं.  म्हटलं, "त्या आठ महिन्यांत मला भीती वाटायची. दाराला कान लावून बसायचे, तुझा श्वास ऐकायला. ते लिहिता येईना. म्हणून विनोद लिहिला."

तिने गवत उपटलं. ढीग केला. मग म्हणाली, "तेच का नाही लिहिलंस?"

मी पुढचं गवत धरून ओढलं. वरचंच तुटलं.

निघताना तिने माझे बूट काढायला लावले, उलटे करून झटकले. इथली वाळू बाहेर न्यायची नाही, नियम आहे. वाकून नमस्कार केला, बाकीच्या चौघांना केला तसाच. परत ये म्हणाली नाही.

२१ जुलै, सोमवार, ग्योतोकु

चंद्रहासांना कळवलं, पुस्तक नको. "जयंतीताई, एवढं हळवं होऊन कसं चालेल?" म्हणाले. करार फाडला. कागदाच्या कचऱ्याचा वार गुरुवार. तोवर घरातच.

२४ जुलै, गुरुवार

कचरा गेला.

९ ऑगस्ट, शनिवार

चंद्रहासांचा फोन. नुपूरने परस्पर संमती पाठवली आहे. एकच अट – शेवटचा लेख तिचा, आणि आईने त्यातलं अक्षरही बदलायचं नाही. लेख आला आहे. मराठीत, हाताने लिहिलेला, नवशिक्या, मोठ्या मोठ्या अक्षरांत. नाव 'घरमालकीण'.

पहिलं वाक्य त्यांनी फोनवर वाचून दाखवलं: "घरमालकीण रोज दाराला कान लावून बसायची, तेव्हा तिला ऐकू जावा म्हणून मी मोठ्याने श्वास घ्यायचे."