चुणीचा श्वास

४ फेब्रुवारी

ती. दादास,
तुझ्या धाकटीचा सा. न. वि. वि.

परवा आमच्या संस्थेची गाडी तुझ्या दारात येईल. त्यातून एक कुत्री उतरेल, तिला परत पाठवू नकोस. पग जातीची आहे, सात वर्षांची. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाने तिच्याकडून वर्षानुवर्षं पिल्लं काढून घेतली आणि आता उपयोग नाही म्हणून तिला खोक्यात घालून आमच्या फाटकाशी ठेवली. तेव्हापासून दोन घरांनी नेली आणि दोघांनीही परत आणून दिली. कारण काय, तर घोरते! आता पगच तो, नाक आतल्या आत दाबलेलं, घोरणार नाही तर काय करणार?

आमच्याकडे सध्या अकरा पग आहेत आणि खोल्या चार. तिला कायमचं घर मिळेपर्यंत, फार तर दीड महिना, तू सांभाळ. तू लहानपणापासून असा झोपतोस की कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलत नाहीस. म्हणून तूच आठवलास.

चेहऱ्यावरच्या वळ्या रोज कापसाने पुसून कोरड्या करायच्या. गळ्यात पट्टा नको, छातीभोवती घालायचा. उन्हात न्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी ती झोपली की जवळ बसून तिचा श्वास ऐकायचा. घरघर चालेल. पण तिची खरखर झाली, करवत चालल्यासारखी, तर डॉक्टर, ताबडतोब. पगचा जीव त्या आवाजावरच कळतो. डावा कान गेला तरी उजवा शाबूत आहे असं तू म्हणतोस, त्या भरवशावर पाठवते आहे.

तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्रानेच कळव. लोभ आहे, तो आता दोघांवर असेल.

तुझी,
चिमी

९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

ही कुत्री पाठवलीस की कोणीतरी बसून बसून चपटी केलेली उशी? गाडीतून उतरली, माझ्याकडे बघितलं, दुकानभर फिरली आणि शिलाई मशीनच्या पायट्यावर जाऊन बसली. आता मला कोट शिवायचा तर आधी बाईसाहेबांची परवानगी काढावी लागते. चेहऱ्यावर इतक्या चुण्या आहेत की मी तिचं नाव चुणी ठेवलं. हाक मारली की कान हलवते. मान वळवण्याचे कष्ट घेत नाही.

मापं घेतली. छाती एकवीस, गळा सोळा, कंबर कुठे आहे ते सापडलं नाही. कोटाच्या उरलेल्या अस्तराचा छातीपट्टा शिवलाय, आतून मऊ, दोन बोटं सैल. चाळीस वर्षांत इतकं गुणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. खालच्या चष्म्यांच्या दुकानातली चष्मेवाली सकाळी बघायला आली होती, तिला पट्टा फार आवडला.

वळ्या पुसतो. डोळे मिटून घेते आणि तोंड वर करते, लहान मूल तोंड पुसून घेताना करतं तसं. श्वासाचं म्हणशील तर रोज दुपारी ऐकतो. घरघर बेताची आहे. काळजी नसावी.

आशीर्वाद आहेतच, धपाटा भेटल्यावर.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची डॉक्टरीणबाई म्हणाली की कंबर सापडली तर तिलाही कळव.

एक आनंदाची बातमी. एक मास्तर, त्यांची बायको आणि दहा वर्षांची मुलगी चुणीला न्यायला तयार आहेत. महिनाअखेरीस बघायला येतील. माणसं चांगली वाटतात, घोरण्याचं आधीच सांगितलंय. तेव्हा फार जीव लावू नकोस, दादा. हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगते आणि स्वतः कधी पाळत नाही, ते सोड.

घरघर बेताची म्हणजे कशी ते लिहिलं नाहीस. जाड की बारीक? श्वास आत घेताना की सोडताना? नीट ऐकून लिही.

लोभात आता वाटेकरी आहे, पण माझा हिस्सा ठेव.

तुझी,
चिमी

२१ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. आ.

उकाडा लवकरच सुरू झाला. चुणी मात्र भलतीच खुलली आहे. आली तेव्हा तोंड पाडून असायची, आता दोन दिवस सारखी हसते! तोंड हे एवढं उघडं, जीभ बाहेर, माझ्याकडे बघून हसतच असते. मान लांब करून, कोपरं पसरून पडते आणि पोट भात्यासारखं वरखाली करते. जीभ थोडी निळसर दिसते, माझा खुणा करायचा निळा खडू चाटला असणार. आता खडू वरच्या फळीवर ठेवलाय.

घरघर मध्यम, आत घेताना. बाकी ठीक.

मास्तरांना सांग, तिला उजव्या कानामागे खाजवलेलं आवडतं. जीव वगैरे काही लावलेला नाही. मी आपला सांगून ठेवतो.

आशीर्वाद.

तुझा,
दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,

न. वि. वि. लिहायचं त्राण नाही.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. निळसर हा शब्द वाचला आणि फोनकडे धावले. चष्मेवालीला फोन केला. ती सांगते की सकाळपासून कोणीतरी लाकूड कापतंय असं तिला वाटत होतं. जिना चढताना कळलं की तो आवाज चुणीचा आहे. आणि तू तिच्यापासून दोन हातांवर बसून बटणं लावत होतास. तिला बघून तू उठलास, हसलास आणि चुणीचा पट्टा दाखवू लागलास.

चुणी हसत नव्हती, दादा. तिला श्वास मिळत नव्हता. खडूबिडू काही चाटला नव्हता. चष्मेवाली तुम्हा दोघांना घेऊन गेली त्या डॉक्टरांनी रातोरात तिच्या नाकपुड्या मोठ्या केल्या, घशाच्या मागचा लोंबणारा मऊ भाग कापला. अजून एक दिवस गेला असता तर संपलं होतं.

तुला ऐकू येतं का? सरळ उत्तर दे. घरघर मध्यम, आत घेताना, हे कुठून लिहिलंस?

आज तिला तुझ्याकडे सोडतील, चष्मेवाली लक्ष ठेवेल. रविवारी मी येऊन तिला घेऊन जाईन. मास्तरांचं घर तयार आहे.

चिमी

२७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
आशीर्वाद घेशील ना?

नाही येत. डावा केव्हाच गेला, उजवाही तीन वर्षांपूर्वी गेला. थोडी गुणगुण कळते, शब्द नाही. घरघर मी मनाने लिहिली. तू विचारलं होतंस, काहीतरी लिहायला हवं होतं. चुणीच्या जिवावर उठणारं खोटं आपण लिहितोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता दुसरं काही डोक्यात येत नाही.

गिऱ्हाइकं बोटाने दाखवतात, इथे आखूड, तिथे सैल, तेवढ्यावर धंदा चालतो. तुमच्याकडे आलो की मी मान हलवतो. तुझ्या नवऱ्याच्या विनोदांवर सगळे हसले की मी हसतो. तू बोलतेस तेव्हाही मान हलवतो. लाज वाटायची. आणि भीती, की कळलं तर तू दुकान बंद करायला लावशील आणि मला तुझ्या घरी नेऊन बसवशील.

डॉक्टरांना मात्र सांगितलं. पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी माझा हात धरून चुणीच्या बरगड्यांवर ठेवला आणि लिहिलं, इथे बघत जा. चिमे, ते मला कळतं! कापडाला ताण कुठे पडतो हे मी चाळीस वर्षं बोटांनीच ओळखलंय. चांगला श्वास सरळ येतो. वाईट श्वासाला मधे एक हिसका असतो, शिवण ओढली गेल्यासारखा. तीन दिवस हात तिथेच आहे. शिलाई पडून आहे.

तरी तू तिला घेऊन जा. मला ती हवी आहे, खूप हवी आहे, हे आता लपवत नाही. पण तिला ऐकणारं माणूस हवं. पट्टा धुऊन ठेवलाय. सोबत आणखी दोन शिवलेत, एक सैल मापाचा, मास्तरांकडे ती लठ्ठ होईल म्हणून.

तुझा,
दादा

५ मार्च

ती. दादास,
तुझ्या धाकटीचा साष्टांग, अगदी जमिनीला नाक लावून.

रविवारी तुझ्यासमोर जे बोलायचं होतं ते धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी टोपली घेऊन आले होते ती तिला न्यायलाच. मन घट्ट करून आले होते. आपण चहा घेत होतो, तुझा एक हात चुणीवर होता, आणि तू एकदम कप ठेवलास. पंखा वाढवलास, फडकं ओलं करून तिच्या पोटाला लावलंस. मला वाटलं, दादा आता मला दाखवायला काळजीची सोंगं करतोय. कारण मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या तोंडाशी कान नेला. तरी नाही. मग थोड्या वेळाने, अगदी बारीक, खरखर आली आणि तुझ्या फडक्याखाली विरूनही गेली.

माझे दोन्ही कान धड आहेत, दादा, आणि तुला माझ्याआधी कळलं. डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं, कुत्र्याला श्वासासाठी आधी जोर लावावा लागतो, आवाज नंतर होतो. जोर हाताला कळतो.

मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. त्यांची मुलगी आमच्या काळ्या पगच्या गळ्यात पडली आहे, तेव्हा तिकडे आनंद आहे. चुणीच्या कागदांवर पालक म्हणून तुझी सही लागेल, सोबत पाठवते आहे. श्वासावर लक्ष कसं ठेवणार, या ओळीत मी हाताने असं लिहिलंय. ऐकू येत नाही हेही लिहिलंय, लपवलेलं नाही. गुरुवारी चष्मेवाली तुला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. यंत्र बसवलं तर बसव, पण हात काढू नकोस. आणि दुकान तुझंच आहे, तिथून तुला कोणीही हलवणार नाही.

एक सांगायचं राहिलं. रविवारी तू मला चारदा विचारलंस, काय म्हणालीस म्हणून. मी चारही वेळा तेच पुन्हा, सावकाश, तुझ्याकडे तोंड करून सांगितलं. परतताना रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आवरेना. इतकी वर्षं तू मान हलवायचास आणि मी एकटीच बोलत होते, दादा.

लोभ तिघांत वाटून घेऊ, कमी पडणार नाही.

तुझी,
चिमी